मुळे, असावं आणि 'अपिअर्स टू'

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका नवीन मुलाने आरसीए लिहून माझ्याकडे बघायला पाठवला. आरसीए म्हणजे रूट कॉज ॲनालिसिस, काही बंद पडलं की ते का बंद पडलं हे क्लायंटला लिहून द्यायचा कागद, हिंजवडीत सपोर्टला असलेल्या प्रत्येकाच्या नशिबी असतोच. पहिलीच ओळ होती, जॉब फेल्ड बिकॉज ऑफ नेटवर्क इश्यू. जॉब म्हणजे कॉम्प्युटरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. मी त्याला विचारलं, बिकॉज कशावरून लिहिलंस? तो म्हणाला, मॅडम दुसरं काय असणार? म्हणलं बघ, तू मराठीत बोललास तेव्हा 'असणार' म्हणालास, मग इंग्रजीत लिहिताना ते 'असणार' कुठे गेलं?

हे त्याला सांगताना मला माझाच बारा वर्षांपूर्वीचा आरसीए आठवत होता. रात्री दोन दहाला फाइल पाठवायचा जॉब पडला, बघितलं तर त्याच रात्री बारा वाजता सर्टिफिकेट, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला ओळख पटवायचं डिजिटल ओळखपत्र, एक्स्पायर झालेलं, म्हणजे चोर रंगेहाथ सापडल्यासारखंच वाटलं. सर्टिफिकेट नवीन टाकलं, जॉब परत चालवला, चालला. सकाळी सहाला मी मेल लिहिला की सर्टिफिकेट संपल्यामुळे जॉब पडला, सरळ, स्वच्छ, एक वाक्य. क्लायंटकडे इंग्लंडमधल्या लीड्स गावचा एक सीनियर माणूस होता, त्याने माझा कागद पुढे त्यांच्या मॅनेजमेंटला पाठवण्याआधी फक्त एक बदल केला, 'वॉज कॉज्ड बाय' काढून 'अपिअर्स टू हॅव बीन कॉज्ड बाय' केलं. मला खूप लागलं ते. वाटलं याचा आपल्यावर विश्वास नाही, रात्रभर जागून कारण शोधून दिलं तरी हा म्हणतो 'दिसतंय असं'. दुसऱ्या रात्री त्याच वेळेला जॉब परत पडला. डिस्क भरली होती. आदल्या रात्री आम्ही सर्टिफिकेट बदलत असताना शेजारच्या टीममधल्या कुणीतरी जुन्या लॉग फाइल उडवल्या होत्या, म्हणून तेव्हा जॉब चालला, आणि ते सर्टिफिकेट तर हा जॉब वापरतच नव्हता. त्या माणसाने एका शब्दाने चिडवलं नाही की काही नाही, पण तेव्हापासून इंग्रजी बोलणारी माणसं कारण सांगताना नक्की किती पुढे जातात आणि कुठे थांबतात हे मी कान देऊन ऐकायला लागले.

आणि खरंच ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याकडे कारण आणि परिणाम यांच्या मधे जे क्रियापद बसतं तिथेच सगळी खात्री मोजलेली असते. कॉज्ड म्हणजे झालंच याच्यामुळे. लेड टू म्हणजे याच्यातून पुढे ते झालं. काँट्रिब्यूटेड टू म्हणजे याचाही हात होता पण एकट्याचा नाही. लिंक्ड टू, असोसिएटेड विथ म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबर दिसतात, कोणामुळे कोण ते आत्ता विचारू नका. आणि त्या प्रत्येकाच्या मागे मे, माइट, लाइकली, प्रॉबेबली लावून अजून पातळ करता येतं. एखादा डॉक्टर 'मे बी लिंक्ड टू' म्हणतो तेव्हा त्याने दोनदा ब्रेक लावलेला असतो.

सगळ्यात गमतीची गोष्ट मला उशिरा कळली, ती म्हणजे जे शब्द छातीठोक वाटतात ते बहुतेक वेळा अंदाजाचे असतात. 'नो डाउट ही गॉट स्टक इन ट्रॅफिक' असं कोण म्हणतं, ज्याला माहीत नाही तोच. ज्याला माहीत आहे तो नुसतं म्हणतो, तो ट्रॅफिकमध्ये अडकलाय, झालं. मस्टचंही तसंच, 'इट मस्ट हॅव रेन्ड' हे ओला रस्ता बघून म्हणतात, पाऊस स्वतः बघितलेला माणूस मस्ट लावत नाही. यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, १९७२ मध्ये लॉरी कार्तुनेन यांनी दाखवलं की मस्ट लावलेलं वाक्य साध्या वाक्यापेक्षा कमकुवत वाटतं, आणि २०१० मध्ये फॉन फिंटेल आणि गिलीज या दोघांनी उलट मांडलं की कमकुवत नाही, मस्ट फक्त एवढं सांगतो की मी हे डोळ्यांनी बघितलेलं नाही, पुराव्यावरून काढलंय. मला दुसरं जास्त पटतं. आणि 'आय ॲम शुअर देअर इज अ गुड रीझन' हे वाक्य क्लायंटच्या मेलमध्ये आलं की आमच्याकडे सुरुवातीला सगळे निर्धास्त व्हायचे, म्हणायचे बघा किती समजूतदार आहे. तो बिचारा कारण मागत असायचा, सभ्यपणे, आणि आम्ही दोन-दोन दिवस उत्तरच द्यायचो नाही.

या शब्दांवर किती काय अवलंबून असतं ते सिगारेटच्या पाकिटावर बघावं. १९५० मध्ये लंडनच्या हॉस्पिटलांमधल्या पेशंटचा अभ्यास करून डॉल आणि हिल यांनी लिहिलं की फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये धूम्रपान हा एक फॅक्टर आहे, आणि महत्त्वाचा फॅक्टर आहे. फॅक्टर, कॉज नाही, इतकं जपून. मग जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त पेपरांत जाहिरात दिली, तिच्यात म्हणलं होतं की सिगारेट हे एक कारण असल्याचा पुरावा नाही. म्हणजे शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे जी फट ठेवतात त्याच फटीत पाचर मारायची. याचा मला आजही राग येतो. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यातल्या वरिष्ठ डॉक्टरच्या, कमिटीने शेवटी तो शब्द उच्चारला, आणि उच्चारण्याआधी रिपोर्टमध्ये 'कॉज' म्हणताना आमच्या मनात नक्की काय आहे यावर चर्चा करून ठेवली. मग वाक्य काय, तर पुरुषांमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं कारणाचं आहे, आणि बायकांबद्दलची माहिती कमी आहे पण तीही त्याच दिशेला बोट दाखवते. एकाच ठिकाणी दोन वेगवेगळ्या खात्र्या, कारण हातातला पुरावा दोन वेगवेगळ्या वजनाचा होता.

पण पाकिटावर काय आलं? १९६६ पासून छापलं गेलं ते 'मे बी हझार्डस', म्हणजे अपायकारक असू शकेल. कमिटी कारण म्हणून मोकळी झाली तरी पाकीट 'असू शकेल'वर अडलेलं. १९७० च्या कायद्याने 'इज डेंजरस' झालं. आणि १९८४ च्या कायद्यानंतर जे इशारे आले त्यातला एक माझा सगळ्यात आवडता आहे, त्यात लिहिलंय की धूम्रपान फुप्फुसाचा कॅन्सर, हृदयविकार आणि एम्फिसीमा (फुप्फुसांचा एक आजार) कॉजेस, आणि गरोदरपणात मे काँप्लिकेट. एकाच ओळीत कॉजेस आणि मे. मे वरून कॉजेस वर यायला जवळजवळ वीस वर्षं गेली, त्या वीस वर्षांत किती घरं बसली असतील.

हवामानाचंही असंच आहे, फक्त तिथे त्यांनी शब्दांना आकडेच चिकटवून टाकलेत. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या रिपोर्टमध्ये लाइकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाइकली म्हणजे किमान ९०, एक्स्ट्रीमली लाइकली म्हणजे किमान ९५. पृथ्वी तापतेय ती माणसामुळे का, या एकाच प्रश्नाला २००१ मध्ये उत्तर होतं लाइकली, २००७ मध्ये व्हेरी लाइकली, २०१३ मध्ये एक्स्ट्रीमली लाइकली, आणि २०२१ मध्ये त्यांनी टक्केवारीच सोडली आणि लिहिलं अनइक्विव्होकल, यात आता दुमत नाही. वीस वर्षं एकेक पायरी चढत वर आलेत. मधली पायरी कुणी गाळली नाही म्हणून शेवटच्या शब्दाला वजन आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि विमान अपघात. अमेरिकेत एनटीएसबी ही सरकारी संस्था तपास करते आणि शेवटी जे लिहिते त्याला नावच 'प्रॉबेबल कॉज' आहे, कितीही पुरावा असू दे, प्रॉबेबलच म्हणतात. १७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए ८०० समुद्रावर फुटलं, २३० माणसं गेली. समुद्रातून तुकडे काढून विमान हँगरमध्ये परत जुळवलं, चार वर्षं तपास चालला, आणि २००० च्या ऑगस्टमध्ये जे लिहिलं ते मी नवीन मुलांना नेहमी वाचायला देते. मधल्या इंधन टाकीचा स्फोट झाला. ठिणगी कुठून आली ते खात्रीने ठरवता आलं नाही. पण ज्या ज्या शक्यता तपासल्या त्यात सगळ्यात जास्त शक्यता टाकीच्या बाहेर शॉर्ट सर्किट होऊन जादा व्होल्टेज वायरिंगमधून आत गेल्याची. बघा कसं लिहिलंय, काय झालं ते ठाम, कशाने पेटलं ते ठाम नाही, आणि तरी हात वर करून मोकळे झाले नाहीत, आमच्या मते हे, असं सांगितलंच.

आता आपल्याकडे बघू. आपला 'मुळे' फार गोड शब्द आहे हो, नामाला चिकटला की काम झालं, पावसामुळे, तेलामुळे, मोबाइलमुळे. पण त्याच्यात मधली जागाच नाही. इंग्रजी बातमीत असतं की अमुक पदार्थ तमुक आजाराशी लिंक्ड असल्याचं दिसतंय, ती मराठीत येते तेव्हा होते 'अमुकमुळे तमुक', आणि संध्याकाळपर्यंत काकू लोकांच्या ग्रुपवर फिरून घरातून तो पदार्थ हद्दपार. याचा दोष लोक मराठीला देतात, म्हणतात आपल्या भाषेत ती शास्त्रीय बारकाई नाही. मला हे अजिबात मान्य नाही. आपली बारकाई वाक्याच्या मधे नाही, शेवटी असते. तेलामुळे झालं. तेलामुळे झालं असणार. तेलामुळे झालं असावं. तेलामुळे झालं असेल. तेलामुळे झालं की काय कोण जाणे. चार वर्षाच्या पोरालाही यातला फरक कळतो. असणार म्हणजे मला जवळजवळ खात्री आहे, असावं म्हणजे काहीतरी बघून मी अंदाज बांधलाय, असेल म्हणजे असेल बाई, मला काय माहीत. बातमीच्या हेडिंगमध्ये जागा नसते म्हणून हे शेपूट छाटतात, आणि ऑफिसच्या मेलमध्ये इंग्रजीत टाइप करताना आपण स्वतःच ते छाटतो, कारण शाळेत बिकॉज म्हणजे कारण आणि ड्यू टू म्हणजे मुळे एवढंच घोकलेलं असतं.

ड्यू टू वरून आठवतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये मृत्यूच्या कारणाचा फॉर्म भरतात तो डॉक्टरांनी माझ्यासमोर भरला. त्यात कारणांची उतरंड असते, पहिल्या ओळीत लगेचचं कारण, मग छापलेलं असतं ड्यू टू, मग त्याच्या मागचं कारण, परत ड्यू टू, मग त्याच्याही मागचं. डॉक्टरांनी पहिल्या ओळीत सेप्टिक शॉक लिहिलं, ड्यू टू, न्यूमोनिया. तिसऱ्या ओळीवर पेन थोडा वेळ टेकवून ठेवलं आणि मग रेघ मारली. मधुमेह त्यांनी खालच्या वेगळ्या भागात लिहिला, तिथे मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी लिहायच्या असतात. मी विचारलं तिसऱ्या ओळीत का नाही, तर म्हणाले, होता तो आजार, पण न्यूमोनिया त्याच्यामुळेच झाला असं मी सही करून सांगू शकत नाही. त्या अवस्थेतसुद्धा मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

घरी प्रत्येकाकडे कारण होतं. कुणी म्हणे एसीमुळे, कुणी म्हणे त्या लग्नाला नेलं म्हणून. आत्या सगळ्यात शेवटी बोलली. बाबांचा धाकटा भाऊ वर्षभर आधी गेला होता, आत्या म्हणाली, त्याने ते मनाला लावून घेतलं असावं.

माझी पुतणी न्यू जर्सीत एडिसनला वाढलीय, मराठी कळतं पण सगळं नाही, तिने व्हिडिओ कॉलवर मला विचारलं आत्याआजी काय म्हणाली. मी म्हणलं ही मस्ट हॅव टेकन इट टू हार्ट. बोलले आणि वाटलं हे जरा जास्त झालं. मग म्हणलं ही मे हॅव. ते फारच कमी झालं, त्यात आत्या कुठे राहिलीच नाही. प्रॉबेबली म्हणून बघितलं तर हवामानखात्यासारखं वाटायला लागलं. तिने विचारलं, सो इज शी शुअर ऑर नॉट?

मी आत्याला तसंच विचारलं, आत्या, असावं म्हणजे तुला खात्री आहे का नाही?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अगं, मी काय त्याच्या मनात शिरून बघितलंय का? पण साठ भाऊबिजा ओवाळलंय त्याला, यंदा पाटावर बसला तेव्हा शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत होता, म्हणून म्हणते, असावं.