रायबंदरच्या बांधावर

२ डिसेंबरच्या रात्री जेवणं उरकून आम्ही म्हापशाहून निघालो. वाड्यावरच्या सहा बायका आणि दोन तरुण मुलं. जुने गोवे इथून तेवीसेक किलोमीटर. ३ तारखेला तिथे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. या गोंयच्या सायबाला भेटायला बेळगाव, कारवार, सावंतवाडीहून लोक कित्येक दिवस चालत येतात. त्यांच्यापुढे आमची एका रात्रीची वाट ती केवढी!

मी मूळची श्रीरामपूरची. आजी दरवर्षी अनवाणी हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जायची. आमच्या जिल्ह्यातून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यायलाही तीच पुढे. चालत देवाकडे जायचं असतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

गेल्या वर्षीही, २०२४ मध्ये, मी चालले होते. दहा वर्षांनी होणारं सायबाचं शवप्रदर्शन तेव्हा सुरू होतं. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. फेस्ताच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते घ्यायचं आणि सायबापुढे ठेवायचं. किडनी कुठे मिळणार? मी अख्खा माणूस घेतला. से कॅथेड्रलमध्ये पेटीजवळून पुढे सरकताना एवढंच म्हटलं, मला हे हवेत. दुसरं काही मागणार नाही.

जुलैत हे गेले.

त्यानंतर चार महिने मी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ म्हणायचा आणि मला दार लावून घ्यावंसं वाटायचं. शेवटी फादर घरी आले. त्यांना सांगितलं, “फादर, मला प्रार्थना म्हणवत नाही.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणू नकोस. पण बाकीच्या बायका चालणार आहेत, त्यांच्याबरोबर चाल.”

म्हणून यंदा निघाले. मागायला काही नव्हतं.

पर्वरीपर्यंत धूळ, गाड्यांचे दिवे, आणि टाचेला आलेला फोड. तिथे चहाला थांबलो तेव्हा सावंतवाडीकडची एक म्हातारी मावशी शेजारी बसली. तिच्या पायांना फडकी गुंडाळलेली. “बाय गो, खयसून इलंस?” तिने विचारलं, आणि माझं उत्तर ऐकता ऐकता पिशवीतली पट्टी काढून माझ्या टाचेला लावली.

मांडवीचा पूल ओलांडला, पणजी मागे पडली. मग रायबंदरचा बांध लागला. १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला हा रस्ता तीनेक किलोमीटर सरळ जातो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. पहाटेचे अडीच वाजले असतील. मंगळवारची जपमाळ दुःखाच्या रहस्यांची, म्हणजे येशूच्या दुःखभोगातल्या प्रसंगांची, आणि तीच चालू होती. पहिलं रहस्य गेथशेमानी बागेचं. हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूने विनवलं, आणि प्याला टळला नाही. लहानपणापासून हे म्हणत आले होते, पण त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

आणि मला सायबाचा शेवट आठवला. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला. पुढची दहा वर्षं दक्षिणेचे किनारे, मलाक्का, जपान. शेवटी एकच ओढ उरली होती, चीनची. परक्याला तिथे शिरकाव नव्हता. समोरच्या शांगच्वान बेटावर तो थांबला. एका व्यापाऱ्याने लपवून पलीकडे न्यायचं कबूल केलं होतं. ती होडी आलीच नाही. तापाने तो तिथेच गेला, ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे. वय ४६. उशाशी अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता.

आम्ही ज्याच्यापुढे मागणी घेऊन रांगा लावतो, त्याची स्वतःची शेवटची मागणी अशी समुद्रातच राहिली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेतल्या धर्मशिक्षणात शिकले होते. पण ह्यांच्या उशाशीही त्या रात्री मी होते, हात धरून. अंतोनियोने जे केलं तेच मी केलं. तो रात्रभर काय म्हणत असेल, याचाच विचार करत मी चालत राहिले.

“मावशी, माझे हे गेले,” मी म्हणाले. “गेल्या वर्षी त्यांच्यासाठीच आले होते.”

तिने देवाची इच्छा काढली नाही. “नाव काय त्येंचा?” मी नाव सांगितलं. पुढच्या दहा मण्यांवर, दर नमो मारियेच्या प्रार्थनेआधी, ती ते नाव घेत गेली. तिसऱ्या की चौथ्या मण्याला माझाही आवाज तिच्यात मिसळला. जुलैनंतर पहिल्यांदा.

जुने गोव्यात पोचलो तेव्हा अंधारच होता, आणि मिस्सेच्या प्रार्थनेसाठी माणसं दाटली होती. पेटी आता पुन्हा बॉम जीझस चर्चमध्ये, संगमरवरी चौथऱ्यावर उंच. गेल्या वर्षीसारखं जवळ जाता येत नाही. मेणवाल्या पोराने विचारलं, “हात देऊ की पाय?” मी साधी मेणबत्ती घेतली. मावशीने तिची माझ्या ज्योतीवर पेटवली, आणि फडकी बांधलेले पाय ओढत ती आपल्या गावच्या बायकांत जाऊन बसली.