मेटलच्या कव्हरचे पैसे नेमके कशाचे? माझा अनुभव

फोनसाठी महागातलं मेटल कव्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: एवढे पैसे कशाचे, ते स्वतः तपासून कळायला हवं. म्हणून दोन कव्हरं मागवली आणि परतीची मुदत संपायच्या आत दोन्ही कसून पाहिली.

एकावर ठळक अक्षरांत ‘टायटॅनियम’ लिहिलेलं. त्याचं अस्तर आणि स्क्रू काढून नुसती फ्रेम काट्यावर ठेवली, 32.4 ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि फ्रेम दोऱ्याने लटकवून पाण्यात पूर्ण बुडवली, तळाला न टेकवता. आकडा आला 12. म्हणजे फ्रेमने 12 ग्रॅम, अर्थात 12 घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारलं. तेवढंच तिचं आकारमान, आणि घनता 32.4 भागिले 12, म्हणजे 2.7. ही ॲल्युमिनियमची घनता. टायटॅनियमची साडेचारच्या आसपास असते. वर्णन पुन्हा नीट वाचलं, तर ‘टायटॅनियम’ हे रंगाचं नाव निघालं! ॲल्युमिनियम वाईट मुळीच नाही, फोनची उष्णता ते टायटॅनियमपेक्षा कितीतरी चांगली पसरवतं. पण असं नाव देऊन पैसे घेणं मला पटत नाही.

तरी पुढची तपासणी दोन्हींची केली. बाहेरची चकाकी सगळेच देतात, म्हणून मी आतून पाहिलं. चार्जिंगच्या खाचेच्या आतल्या कडेवरून नख फिरवलं. ‘टायटॅनियम’वाल्यात ते अडकलं, मशिनवर धातू कापल्यावर कडेला उरणारी बारीक धारदार किनार, म्हणजे बर, तशीच राहिली होती. दुसऱ्यात आतली कडही घासून गुळगुळीत केलेली होती आणि ॲनोडायझिंगचा (धातूच्या पृष्ठभागावर विजेच्या प्रक्रियेने तयार केलेल्या थराचा) रंग स्क्रूच्या भोकापर्यंत एकसारखा होता.

अस्तराकडे तर सगळ्यात आधी बघावं असं मला वाटतं. कडक धातू धक्का फारसा जिरवत नाही, तो फोनकडे पोचवतो. जिरवायचं काम आतल्या मऊ थराचं. एकात कागदासारखी पातळ फोमची पट्टी, तीही कोपऱ्यांवर तुटलेली. दुसऱ्यात चारही कोपऱ्यांत जाड सिलिकॉन.

मग सिग्नल. माझ्या फोनच्या सेटिंग्जमध्ये सिम स्टेटस उघडलं की तो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात दिसतो. फोन एकाच जागी ठेवूनही आकडा थोडा हलतो, म्हणून कव्हर घालून-काढून बऱ्याचदा पाहिलं. या आकड्यांतला फरक डीबीत (डेसिबलमध्ये) सांगतात, आणि 3 डीबीने घट म्हणजे शक्ती निम्मी. अखंड धातूच्या ‘टायटॅनियम’वाल्यात दर वेळी 8-9 डीबी जात होते. दुसऱ्यात अँटेनाच्या जागी धातू कापून प्लास्टिक बसवलंय. तिथे फरक नेहमीच्या चढउतारातच राहिला. वायरलेस चार्जिंगचंही तेच: बंद धातूच्या पाठीतून ते होत नाही, उलट धातूच तापतो. दुसऱ्याची पाठ उघडी आहे, त्यामुळे चार्जिंग नीट होतं.

दुसरं ठेवलं. मागची काच उघडी राहते ही त्याची खरी उणीव, ती मान्य करूनच. कडा फोनच्या मागे थोड्या वर येतात, त्यामुळे सपाट टेबलावर काच टेकत नाही. खडबडीत जागी मात्र फोन ठेवायचा टाळते.