एसओएम सुटला एकदाचा, पण शिअर स्ट्रेसच्या चॅप्टरने जीव काढला – माझा अनुभव

रिझल्ट लागून महिने झाले तरी त्या एका चॅप्टरचा राग डोक्यातून जात नाहीये, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. ज्यांचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (एसओएम) राहिलाय किंवा पुढच्या सेमला येणारे त्यांना उपयोग होईल. मी सिव्हिलची, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्लिशमधली थिअरी वाचायला वेळ लागतो पण समजत नाही असं नाही, त्यामुळे "तुमचं बेसिक कच्चं आहे" हे वाक्य कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका, माझ्या बाबतीत तरी अडचण बेसिकची नव्हतीच.

सिंपल स्ट्रेस-स्ट्रेन (स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळाच्या दर एककावरचा जोर), एसएफडी-बीएमडी (शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट बीमभर कसे बदलतात त्याचे डायग्राम), मोमेंट ऑफ इनर्शिया हे सगळं सरळ झालं, त्यावर काही लिहीत नाही. बेंडिंग स्ट्रेससुद्धा फार छळत नाही. बीम (तुळई) वाकला की सिंपली सपोर्टेडमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं नुसती टेकवलेली असतील तर, वरचे थर आखडतात, खालचे ताणले जातात, मधे कुठंतरी एक थर असा की त्याची लांबी तेवढीच राहते, तो न्यूट्रल ॲक्सिस. तिथून जितकं लांब तितका स्ट्रेस जास्त, सरळ रेषेत वाढत जातो. एम बाय आय बरोबर सिग्मा बाय वाय बरोबर ई बाय आर, झालं (एम बेंडिंग मोमेंट, आय मोमेंट ऑफ इनर्शिया, सिग्मा बेंडिंग स्ट्रेस, वाय न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर, ई मटेरियलचा कडकपणा, आर वाकल्याची त्रिज्या). एवढं साधं वाटतं ना, पण हे माणसाला सापडायला किती काळ लागला बघा. गॅलिलिओने १६३८ मध्ये भिंतीत रोवलेल्या तुळईचं गणित मांडलं तेव्हा त्याने धरलं होतं की सगळा सेक्शन (तुळईचा आडवा छेद) सारखाच ताणला जातो आणि तुळई खालच्या कडेवर फिरते, म्हणजे न्यूट्रल ॲक्सिस त्याने तळाला टाकला. त्यामुळे आयताकृती सेक्शनला त्याचं उत्तर आजच्या बीडी स्क्वेअर बाय ६ (बी रुंदी, डी उंची) ऐवजी बीडी स्क्वेअर बाय २ येतं, तिप्पट! पुढं कुलॉम वगैरे मंडळी येऊन १८२६ मध्ये नेव्हिये या फ्रेंच इंजिनिअरने ते आजच्या रूपात नीट बसवलं. मला हे वाचून फार धीर आला होता. एवढ्या मोठ्या माणसांना दोनशे वर्षं लागली तिथं आपल्याला दोन लेक्चरमध्ये कळलंच पाहिजे असा हट्ट कशाला.

आता मूळ दुखणं, म्हणजे थर एकमेकांवरून सरकू पाहतात तेव्हा मधे येणारा स्ट्रेस. शिअर स्ट्रेस.

टाऊ (शिअर स्ट्रेस) बरोबर एफ (शिअर फोर्स) गुणिले ए वाय-बार, भागिले आय गुणिले बी (रुंदी). आमच्या नोट्समध्ये हा फॉर्म्युला चौकोनात लिहिलेला आणि खाली एकच ओळ, की ए वाय-बार म्हणजे विचारलेल्या लेव्हलच्या वरच्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या सेंट्रॉइडचं (मध्यबिंदूचं) न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर. संपलं. वरचाच भाग का? खालचा घेतला तर उत्तर चुकेल का? शिअर फोर्स तर उभा लागतोय मग त्यात त्या वरच्या तुकड्याचा काय संबंध? आय पूर्ण सेक्शनचा आणि ए मात्र अर्ध्याचाच, हे कसं? आणि ज्या न्यूट्रल ॲक्सिसवर बेंडिंग स्ट्रेस शून्य, नेमका तिथंच शिअर स्ट्रेस सगळ्यात जास्त, हे कुणाच्या डोक्यात शिरणार कारण सांगितल्याशिवाय?

विचारलं तर सर म्हणाले डेरिव्हेशन (फॉर्म्युला निघतो कसा ते) पेपरला येत नाही, फॉर्म्युला पाठ करा आणि सम्स करा. बाहेर क्लास लावला होता, पैसे भरून, तिथं "हे डाउट सेशनला घेऊ" असं सांगितलं. मग मी त्या डाउट सेशनची वाट बघत बसले. पुढच्या आठवड्यात, मग टॉर्शन संपल्यावर, मग कॉलम संपल्यावर, आणि शेवटी ते सेशन झालं तेव्हा जुने पेपर सोडवून घेतले, माझा प्रश्न वहीतच. खरंच सांगते, चॅप्टर अवघड असल्याचा मला राग नाही, त्याचा राग यायचं कारणच नाही. पण तो सोपा होण्याचा जो एकमेव रस्ता होता, डेरिव्हेशन, तोच "वेळ वाया जातो" म्हणून सगळ्यांनी बंद करून ठेवला होता आणि त्याच्या बदल्यात आम्हाला काय दिलं तर पाठांतर. पाठ केलेला फॉर्म्युला रेक्टँगलला चालतो. टी सेक्शन आला की बी कुठली घ्यायची इथं अख्खी बेंच एकमेकांच्या तोंडाकडं बघते.

सुटलं ते भलतीकडंच. सुट्टीत गावी गेले तेव्हा काकांच्या घरावर वरचा मजला चढत होता, सेंटरिंगच्या फळ्या अंगणात पडलेल्या. दोन सारख्या फळ्या एकावर एक ठेवून खाली दोन्ही टोकांना विटा दिल्या आणि मधे उभी राहिले. दोन्ही फळ्या वाकल्या आणि टोकाला बघितलं तर कडा जुळत नव्हत्या, वरची फळी खालचीवरून सरकली होती! मग सुताराकडून त्याच फळ्या एकमेकींना जवळजवळ स्क्रूने आवळून घेतल्या आणि परत उभी राहिले, आता वाकणं कितीतरी कमी, टोकं जवळपास जुळलेली. कागदावर बघा, सुट्या दोन फळ्यांचा आय म्हणजे दोनदा बीटी क्यूब बाय १२, आणि जोडून एक झाल्या की जाडी दुप्पट म्हणून आठदा बीटी क्यूब बाय १२. चौपट कडक. ताकद, म्हणजे सेक्शन मॉड्युलस, दुप्पट. (स्क्रूने पूर्ण चौपट मिळत नाही, थोडं सरकतंच, फेव्हिकॉल नीट लावला तर जवळ जातं.) ही जी वाढ झाली ती आली कुठून तर त्या दोन फळ्यांमधलं सरकणं अडवल्यामुळं. ते आडवं सरकणं अडवायला स्क्रूवर जो जोर येतो तोच आपला शिअर. अखंड बीममध्ये स्क्रू नसतात, मटेरियल स्वतःच प्रत्येक लेव्हलला तो जोर झेलत असतं.

त्या रात्री डेरिव्हेशन काढून बसले आणि एका बैठकीत झालं. बीमचा एक छोटासा तुकडा घ्या, लांबी डीएक्स. डाव्या बाजूला मोमेंट एम, उजव्या बाजूला एम अधिक डीएम, म्हणजे उजवीकडचा बेंडिंग स्ट्रेस किंचित जास्त. आता या तुकड्याला तुम्हाला हव्या त्या लेव्हलला आडवा काप द्या आणि फक्त कापाच्या वरचा भाग बघा. त्याला डावीकडून एक ढकल, उजवीकडून थोडी जास्त ढकल, दोन्ही सारख्या नाहीत, मग तो सरकत का नाही? कारण कापाच्या पृष्ठभागावर शिअर त्याला धरून ठेवतोय. ढकलींमधला फरक येतो डीएम गुणिले ए वाय-बार भागिले आय, आणि धरून ठेवणारा पृष्ठभाग बी गुणिले डीएक्स. भागाकार करा, डीएम बाय डीएक्स म्हणजे शिअर फोर्स एफ, फॉर्म्युला तयार. आणि आडवा जेवढा तेवढाच उभा, कारण एका बिंदूवर काटकोनातले दोन शिअर स्ट्रेस सारखेच असावे लागतात, नाहीतर तो कण गोल फिरत राहील.

आता वरचे सगळे प्रश्न परत वाचा, आपोआप सुटतात. ए म्हणजे कापून वेगळा काढलेला भाग, म्हणून अर्धा. आय बेंडिंग स्ट्रेसमधून आलाय, म्हणून पूर्ण सेक्शनचा. बी म्हणजे जिथं काप दिला तिथली रुंदी, दुसरी कुठलीही नाही. अगदी वरच्या कडेला कापाच्या वर काही उरतच नाही म्हणून शून्य. खाली येत जाल तसा ढकलणारा भाग साठत जातो, न्यूट्रल ॲक्सिस ओलांडला की उलट चिन्हाचा स्ट्रेस सुरू होऊन ते वजा व्हायला लागतं, म्हणून ए वाय-बार सगळ्यात मोठा न्यूट्रल ॲक्सिसवरच. एवढंच होतं! एवढ्यासाठी मी सेमभर डाउट सेशनची वाट बघितली.

गंमत म्हणजे हा फॉर्म्युला निघाला तोसुद्धा लाकडामुळंच. दिमित्री झुरावस्की नावाचा रशियन इंजिनिअर सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करत होता, १८४० च्या दशकात, आणि लाकूड रेषेच्या दिशेनं, म्हणजे धाग्याला समांतर, फार कमी शिअर सोसतं हे त्याच्या लक्षात आलं. जाड तुळया हव्यात म्हणून लाकडं एकावर एक ठेवून मधे खुंट्या मारायच्या तर त्या खुंट्यांवर किती जोर येईल हे काढायची त्याला गरज होती. १८५० च्या दशकात ते छापून आलं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत तुळईला टोकाजवळ मध्यावर आडवी भेग दिसते ती कधीकधी यातलीच असते. (लाकूड वाळतानाही अशा भेगा पडतात, त्यामुळं लगेच वाडा पडतोय म्हणून घाबरू नका.)

टी सेक्शनचं एक उदाहरण देते, स्वतः करून ताळा करा. फ्लँज (वरची आडवी पट्टी) १२० बाय २०, वेब (खालची उभी पट्टी) २० रुंद आणि १२० उंच, सगळं मिमीमध्ये, शिअर फोर्स ५० किलोन्यूटन. सेंट्रॉइड तळापासून ९५ वर, वरून ४५. आय येतो ८८.४ लाख मिमीचा चौथा घात. फ्लँज आणि वेब जिथं मिळतात तिथं ए वाय-बार २४०० गुणिले ३५ म्हणजे ८४,०००. आता याच लेव्हलला दोन उत्तरं: फ्लँजमध्ये राहून बी १२० घेतली तर ३.९६, एक केसभर खाली वेबमध्ये येऊन बी २० घेतली तर २३.७६ न्यूटन पर मिमी स्क्वेअर. रुंदी सहापट कमी, स्ट्रेस सहापट जास्त, म्हणून डायग्राममध्ये ती आडवी उडी. न्यूट्रल ॲक्सिसला ए वाय-बार ९०,२५० आणि टाऊ २५.५२. आणि हो, खालच्या भागाने करून बघा, २० गुणिले ९५ गुणिले ४७.५, तेच ९०,२५०. वरचा घ्या की खालचा, उत्तर एकच, कारण पूर्ण सेक्शनच्या क्षेत्रफळाचा न्यूट्रल ॲक्सिसभोवती मोमेंट शून्यच असतो. परीक्षेत हा ताळा मी दरवेळी केला, मिनिटसुद्धा लागत नाही.

नुसतं एफ बाय ए केलं तर १०.४ येतं, म्हणजे खऱ्या कमालच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ॲव्हरेजवर भागवू नका. रेक्टँगलला कमाल ॲव्हरेजच्या दीडपट, गोलाला ४/३ पट, हे दोन पाठ असू द्यात, ओरलला हमखास विचारतात. ट्रँगलला मात्र सावध राहा, तिथं कमाल न्यूट्रल ॲक्सिसवर नसतो, अर्ध्या उंचीवर असतो, दीडपट, आणि न्यूट्रल ॲक्सिसवर ४/३ पट. कारण तिथं बी पण बदलत राहते ना.

फ्लँजमधल्या त्या ३.९६ वर फार विश्वास ठेवू नका तसंही. फ्लँजच्या बाहेर आलेल्या पंखांची खालची बाजू मोकळी असते, तिथं उभा शिअर असूच शकत नाही, आणि फॉर्म्युला मात्र सगळ्या रुंदीवर सारखा वाटून देतो. पेपरात उडीच काढायची, पण हे माहीत असलेलं बरं.

साइटवरची एक गोष्ट राहिली. फिटर काका बीमच्या रिंगा (मेन सळयांभोवती बांधायच्या बारीक सळया) सपोर्टजवळ जवळजवळ बांधत होते आणि मधे लांब लांब. विचारलं तर म्हणाले कडंला तिरक्या चिरा पडतात ताई, तिथं रिंग दाट लागते. सिंपली सपोर्टेडला पूर्ण लांबीवर सारखा लोड असला की शिअर फोर्स सपोर्टला सगळ्यात जास्त आणि मधे शून्य, मोमेंट बरोबर उलट, म्हणून मेन सळई मधे तळाला जास्त आणि रिंगा टोकाला दाट. त्यांना एसएफडी काढता येत नसेल, पण माझ्या वहीतला एसएफडी त्यांच्या हातात होता. छज्जा किंवा बाल्कनीला मेन सळई वर का हेही त्यांनीच दाखवलं, कँटिलिव्हरचा ताण वरच्या बाजूला. ती सळई काँक्रीट ओतताना पायाखाली दबून खाली गेली की छज्जा जातो, म्हणून ते चेअर (सळई वर धरून ठेवणारा आधार) लावल्याशिवाय कुणाला वर चढू देत नव्हते.

पेपरसाठी उरलेलं: किलोन्यूटनचं न्यूटन आणि मीटरचं मिमी पहिल्याच ओळीत करून टाका. बेंडिंगचा डायग्राम सरळ रेषा, शिअरचा पॅराबोला, तो फुगीर दिसेल असाच काढा आणि जॉइंटच्या दोन्ही किमती लिहा, मार्क त्यालाच असतात. टी सेक्शनला बेंडिंगमध्ये वर ४५ आणि खाली ९५ अशी अंतरं असतील तर खालचा स्ट्रेस वरच्याच्या दुपटीहून जास्त येणार, दोन्ही काढा, एकच काढून थांबू नका. आणि कुणी म्हणालं डेरिव्हेशन सोडून दे, तर त्या दिवशी दुसरं काही नका करू, फक्त ते डेरिव्हेशन करा.