आज देव कुठे दिसला?

डिसेंबरात जर्मनीतल्या हॅम्बुर्गला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून निघावं तर रात्रच. नाताळच्या बाजारातली रोषणाई सोडली तर बाहेर रेंगाळावं असं काही नसतं. अशा दिवसांत आमच्या मजल्यावरच्या आजी मला त्यांच्या चर्चच्या गटात घेऊन गेल्या. मी ख्रिस्ती नाही हे त्यांना ठाऊक होतं. ‘‘मग काय झालं? डोळे आहेत ना तुला?’’ म्हणाल्या.

नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ येतो तो अ‍ॅडव्हेंट. आपल्याकडचे मराठी कॅथलिक त्याला आगमनकाळ म्हणतात. त्याची एक खूण तर याच शहरातली. योहान हिनरिक विखर्न या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी १८३३ साली इथे गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ काढलं. नाताळला किती दिवस उरले, असं विचारून मुलं भंडावून सोडत. म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्या छोट्या लाल आणि रविवारच्या मोठ्या पांढऱ्या. आता घरोघरी चारच मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं.

आमच्या गटाचं काम एवढंच: रात्री थोडा वेळ शांत बसून सकाळपासूनचा दिवस आठवायचा, देव जिथे जाणवला तो एक प्रसंग चिठ्ठीवर लिहायचा आणि आठवड्याने जमलो की एक चिठ्ठी वाचायची. असा दिवस आठवायची पद्धत मुळात सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांची. म्हणजे जेसुइट या कॅथलिक संघाच्या संस्थापकाची साधना प्रोटेस्टंट लूथरपंथीयांच्या सभागृहात चाललेली! त्याचं तिथे कुणालाच काही वाटत नव्हतं, मला मात्र गंमत वाटली.

‘कुटुंब’, ‘निसर्ग’, ‘आरोग्य’ असलं ढोबळ लिहिलेलं चालत नाही. लगेच विचारणा होते: कधी? कुठे? आणि खरी मेख पुढेच आहे. वाचून झालं की ऐकणाऱ्यांनी काहीही बोलायचं नाही. ‘वा’ नाही, ‘माझंही अगदी असंच झालं’ नाही, अर्थ सांगणं तर नाहीच. आपल्या चार माणसांत हे कितपत जमेल, मला शंका आहे.

एका बाईंनी वाचलं, ‘वडील आता मला ओळखत नाहीत. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.’ एका मुलाने लिहिलं होतं की लोकलमध्ये तिकीट तपासनीस सगळा डबा तपासत आला आणि झोपलेल्या माणसाजवळून आवाज न करता पुढे गेला. त्या माणसाकडे तिकीट होतं की नाही, कुणी विचारलं नाही.

कांद्या-मुळ्यात विठाई पाहणाऱ्या सावता माळ्यांच्या भाषेत वाढलेल्या मला हे सोपं जायला हवं होतं. पण संतांची गोष्ट ऐकणं वेगळं आणि स्वतःची मंगळवारची दुपार तपासणं वेगळं. माझ्या मंगळवारी दोन मीटिंगा आणि एक बिघडलेला प्रिंटर असतो.

सुरुवातीला मला संशय होता की लोक आठवडाभर गोड-गोड काहीतरी शोधत हिंडत असणार. तो गेला एका नर्समुळे. तिची वाचायची पाळी आली तेव्हा तिने कोरी चिठ्ठी दाखवली आणि म्हणाली, ‘‘या आठवड्यात कुठेच नाही.’’ कुणी समजूत काढली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. शेजारच्याने आपली चिठ्ठी वाचायला घेतली. ‘नाही’ म्हणायची मुभा आहे हे कळल्यावर बाकीच्यांच्या ‘हो’वर माझा विश्वास बसला. वाट पाहण्याच्या काळात कोरी चिठ्ठी ही काही चूक नव्हेच.

तुम्हाला तिकडे करून पाहायचं असेल तर सात-आठ जणांपेक्षा जास्त नकोत, आणि समोरासमोरच बसा. व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच करू नका. तिथे अंगठा दाखवल्याशिवाय कुणाला राहवत नाही.