खलात कुटलेली गोळी

आज सकाळी गोळीतून औषध किती वेगाने सुटते हे पाहणारी विद्रावण चाचणी लावली होती. ३७ अंश सेल्सिअसच्या ९०० मिलिलिटर द्रावणात, फिरत्या पात्याखाली, बारा तास हळूहळू औषध सोडणारी आमची गोळी स्थिर बसली होती आणि तिच्यातील पॉलिमर फुगून भोवती तयार होणारा जेलीसारखा थर मी नेहमीच्याच कौतुकाने पाहत होतो.

दुपारी, रुग्ण औषधे प्रत्यक्षात कशी घेतात याची माहिती घेत असताना, एका आजींनी अशाच प्रकारची गोळी गिळवत नाही म्हणून आपण ती खलात कुटून पाण्यातून घेतो, असे सहज सांगितले. कुटलेल्या गोळीभोवती तो थर धरतच नाही. बारा तासांसाठी असलेले औषध थोड्याच वेळात शरीरात उतरते. आजींना औषध घेतल्यावर चक्कर येत होती, आणि दोष अर्थातच औषधाला मिळत होता. त्यांच्या डॉक्टरांना लगेच कळवले.

‘गोळी चावू अथवा कुटू नये’ ही सूचना पाकिटावर होती. मात्र ती वाचण्यासाठी मलाही पाकीट डोळ्यांजवळ न्यावे लागले. संध्याकाळी प्रयोगशाळेत परतल्यावर आमच्या गोळीची लांबी मी प्रथमच गिळणाऱ्याच्या दृष्टीने मोजली. ती १९ मिलिमीटर भरली.