आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा आणि उन्हात विरणारा पेपर

रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे, ब्लोन फिल्मची (प्लास्टिकचे दाणे वितळवून, हवेने फुगवून पातळ फिल्म काढायची) एक मशीन, मी, माझा भाऊ आणि चार कामगार. सुरुवात कॅरीबॅगच्या रोलने केली होती, २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि ते काम जवळपास बंदच पडलं, मग मल्चिंग पेपरकडे, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायच्या पातळ प्लास्टिक फिल्मकडे वळलो.

तेव्हा एका सप्लायरने मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायच्या रसायनाचं तयार मिश्रण आणून दिलं, म्हणाला दाण्यात थोडं मिसळा, पेपर उन्हात आपोआप नाहीसा होतो. त्यात आयर्न स्टिअरेट होतं. पॉलिथिन स्वतः ऊन फारसं शोषत नाही, पण हे लोखंडाचं संयुग अतिनील किरणं शोषतं, त्यातून फ्री रॅडिकल, म्हणजे झटकन क्रिया करणारे रेणूंचे तुकडे सुटतात, मग हवेतला ऑक्सिजन पॉलिथिनच्या रेणूंच्या लांब साखळीला जोडला जातो आणि साखळी जागोजागी तुटायला लागते. आम्ही गाळ्याच्या पत्र्यावर पट्ट्या बांधून बघितल्या, ऐन मे महिन्यात, काही आठवड्यांत ओढली की पापडासारखी मोडायची. एवढा आनंद झाला होता आम्हाला!

पहिला माल रोह्याकडच्या एका भुईमूगवाल्यांना दिला, त्यांना पारदर्शक पेपर लागतो. काढणीच्या वेळी मी स्वतः गेलो. वाफ्याच्या उघड्या टोकाला पेपर बोटांत चुरला, पण मातीत दाबलेली कड उपसली तर अगदी नव्यासारखी, ताणली की ताणली जायची, वेलांच्या सावलीतला पेपरही तसाच. ऊनच पोचलं नाही तर होणार काय! आणि जो चुरला तो शेंगांना चिकटून वर आलेला. ते म्हणाले, "शेठ, आधी पेपर ओढला की अख्खा निघायचा, आता हे तुकडे कोण वेचणार?"

मला ते फार लागलं. पेपर नाहीसा झालाच नव्हता, नुसता बारीक झाला होता, आणि साखळ्या खूप लहान झाल्याशिवाय जिवाणू त्यांना हात लावत नाहीत. असं ऑक्सो प्लास्टिक, म्हणजे ऑक्सिजनने तुकडे होणारं प्लास्टिक, युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात बंद केलंय, ते मला नंतर कळलं.

ते मास्टरबॅच आम्ही बंद केलं. आता बरोबर उलटं करतो, हाल्स नावाचा स्टॅबिलायझर (उन्हापासून प्लास्टिक टिकवणारं रसायन) घालतो, तो रॅडिकल पकडतो म्हणून पेपर हंगामभर टिकतो आणि काढताना अख्खा निघतो, तो आम्ही परत घेतो. फक्त गंधकाच्या फवारणीने हाल्स निकामी होतो, म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न तोच, दादा, गंधक मारता का?