सॉलिसिटर व्हायचे, पण मधली वर्षे कोणाच्या खर्चाने?

विधी शाखेकडे वळणाऱ्या मुलांचे पालक सल्ला विचारायला येतात, तेव्हा बोलणे फीपासून सुरू होते. माझ्या मते फी दुय्यम आहे. या पेशात माणूस मेटाकुटीला येतो तो पदवीनंतरच्या, कमाई नसलेल्या किंवा नावापुरती असलेल्या वर्षांमुळे.

पदवीचा हिशेब सोपा आहे. बारावीनंतर पाच वर्षे किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन. म्हणजे पहिल्या वाटेने सहसा एक वर्ष वाचते. सोलापुरातच दयानंद विधी महाविद्यालयात शिकले, तर राहण्याजेवणाचा खर्च जवळजवळ उरत नाही. सनदेचे, म्हणजे वकिलीच्या परवान्याचे, शुल्क १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये असून, त्यावर बार कौन्सिलांनी, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थांनी, जादा रकमा आकारण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बंद केली.

सॉलिसिटरची, म्हणजे मुख्यतः कागदपत्रे आणि करारांचे काम करणाऱ्या वकिलाची, वाट मात्र मुंबईकडे जाते. १८९४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेते आणि त्यासाठी तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली मानधनावरची उमेदवारी, लागते. १९७६ च्या कायदादुरुस्तीने वकील आणि सॉलिसिटर हा जुना भेद संपला, त्यामुळे सॉलिसिटर झाल्याने न्यायालयात एकही जादा अधिकार मिळत नाही. मिळते ती मालमत्तेचे हक्क तपासण्याची, करारांचे मसुदे करण्याची आणि कंपन्यांचे व्यवहार हाताळण्याची कसून झालेली तयारी. फर्ममध्ये नोकरी करायची असेल, तर तिचे मोल मोठे आहे. पण जिल्हा न्यायालयात वाटणीचे आणि ताब्याचे दावे चालवायचे असतील, तर आपला अशील सॉलिसिटर आहात का हे कधीच विचारणार नाही, आणि मुंबईतले भाडे मानधनातून भागवताना घरून पैसे मागवावे लागतील ते वेगळेच. त्यातच ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सोलापूरच्या वकिलाला अपिलासाठीही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची गरज कमी झाली आहे.

काहींच्या मनात इंग्लंड असते. तिथे सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही सॉलिसिटर होण्यासाठीची दोन टप्प्यांची परीक्षा आली. दोन्ही टप्प्यांचे शुल्क मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते आणि शिकवणीचा खर्च निराळा. इतरांना लागणारा दोन वर्षांचा कामाचा अनुभव आपल्या सनदधारक वकिलाला दाखवावा लागत नाही, म्हणून आधी इथली सनद घेणे शहाणपणाचे. मात्र उत्तीर्ण झाल्याने नोकरी आणि व्हिसा मिळतोच असे नाही. मला हेवा वाटतो तो तिथल्या सहा वर्षांच्या अप्रेंटिसशिपचा, कारण त्यात उमेदवार पहिल्या दिवसापासून पगार घेत शिकतो. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

म्हणून ज्या घरात मुलाच्या पगाराची वाट पाहिली जाते, तिथे मी सांगतो की पदवी सोलापुरात करावी, सनद घ्यावी, वर्षभर चांगला मसुदा लिहिणाऱ्या सिनिअरकडे बसावे आणि त्या कामाची गोडी लागली तरच मुंबईच्या फर्मकडे अर्ज करावा, तोही मानधनाचा आकडा आधी लेखी घेऊन.